एक पिन, अनेक कामं: एसटीएम३२ बोर्डावर आल्टरनेट फंक्शन कसं बसवायचं

मायक्रोकंट्रोलरच्या चिपमध्ये पेरिफेरल (ठरावीक काम स्वतंत्रपणे करणारे आतले भाग) भरपूर असतात, बाहेर पाय मात्र मोजकेच. एसटीएम३२एफ४०१आरई या चिपचंच बघा. पॅकेज ६४ पायांचं, त्यातल्या ५० पिना वापरण्याजोग्या. आत तीन युसार्ट, तीन आयटूसी, तीन एसपीआय (या तिन्ही दुसऱ्या उपकरणांशी डेटाची देवाणघेवाण करायच्या पद्धती), आठ टायमर, १६ अ‍ॅनालॉग इनपुट, शिवाय यूएसबी आणि एसडी कार्डाची जोडणी. प्रत्येकाला वेगळी पिन देणं शक्य नाही. म्हणून प्रत्येक पिनच्या मागे एक मल्टिप्लेक्सर (अनेकांतून एक निवडणारा स्विच) असतो आणि त्याला ० ते १५ यांपैकी एक क्रमांक दिला की त्या क्रमांकाचं पेरिफेरल पिनला जोडलं जातं. हा क्रमांक म्हणजेच आल्टरनेट फंक्शन, थोडक्यात एएफ.

या लेखातली सगळी उदाहरणं न्यूक्लिओ-एफ४०१आरई बोर्डावरची आहेत. एफ४ मालिकेतल्या इतर चिपांनाही पद्धत हीच लागू पडते, फक्त तक्ता त्या त्या चिपचा उघडायचा. सुरुवातीला बोर्ड आणि त्याची यूएसबी केबल पुरते. आयटूसीसाठी ४.७ किलोओमचे दोन रेझिस्टर, चार-पाच जंपर वायरी आणि एक मल्टीमीटर जवळ असू द्या.

आधी तीन कागद उघडा

नवखे लोक कोडपासून सुरुवात करतात आणि तिथेच अडकतात. या कामातला अर्ध्याहून जास्त वेळ वाचनाचा आहे, आणि तो द्यायलाच हवा.

पहिला कागद चिपची डेटाशीट. तिच्यात आल्टरनेट फंक्शनचा तक्ता असतो: डावीकडे पिना, वर एएफ० ते एएफ१५. दुसरा रेफरन्स मॅन्युअल. एफ४०१साठी त्याचा क्रमांक आरएम०३६८, आणि कुठल्या रजिस्टरचा (सेटिंग लिहायच्या चिपमधल्या कप्प्याचा) कुठला बिट काय करतो हे त्यात सापडतं. तिसरा बोर्डाचं युजर मॅन्युअल, यूएम१७२४. बहुतेक जण हा तिसरा कागद उघडतच नाहीत, आणि पिन चिपवर बरोबर असूनही बोर्डावर दुसऱ्याच कशाला जोडलेली निघते.

पीए५ (पोर्ट ए या पिनांच्या गटातली ५ क्रमांकाची) या पिनची ओळ वाचून पाहू. एएफ१च्या रकान्यात टायमर २चं चॅनल १ आहे, एएफ५च्या रकान्यात एसपीआय१चं क्लॉक. हीच पिन अ‍ॅनालॉग इनपुट ५ सुद्धा आहे, पण ते या तक्त्यात कितीही शोधलं तरी मिळणार नाही. अ‍ॅनालॉगला एएफ क्रमांक नसतो, त्याची निवड पिनच्या मोडमधून होते. त्याची नोंद पिनांच्या वर्णनाच्या वेगळ्या तक्त्यात, जादा कामांच्या रकान्यात असते.

आता यूएम१७२४ बघा. पीए५ बोर्डावर डी१३ या नावाने बाहेर येते आणि एसबी२१ या सोल्डर ब्रिजमधून (सोल्डरने जोडता-तोडता येणाऱ्या जोडणीतून) एलडी२ या हिरव्या एलईडीलाही जोडलेली आहे. म्हणजे या पिनवर एसपीआयचं क्लॉक सोडलं तर एलईडीही सोबत मिणमिणणार. बिघाड नाही तो, जोडणीच तशी आहे.

पीए२ आणि पीए३ची गोष्ट जास्त त्रासाची. चिपच्या तक्त्यात त्या युसार्ट२च्या पिना आहेत. बोर्डावर डी१ आणि डी० अशी नावं छापलेलीही दिसतात. पण कारखान्यातून बोर्ड येतो तेव्हा एसबी१३ आणि एसबी१४ जोडलेले असतात, एसबी६२ आणि एसबी६३ उघडे. त्यामुळे या दोन्ही पिना एसटी-लिंककडे, म्हणजे कोड चढवणाऱ्या आणि तपासणाऱ्या बोर्डावरच्याच डीबगरकडे, जातात आणि डी०, डी१ या सॉकेटमध्ये काहीच पोचत नाही. तिथे जीपीएस मॉड्यूल लावून तासन् तास कोड तपासत बसणारे अनेक जण आहेत. एक तर सोल्डर ब्रिज बदला, नाहीतर सरळ युसार्ट१ वापरा: पीए९ (डी८) टीएक्स, म्हणजे पाठवणारी, आणि पीए१० (डी२) आरएक्स, म्हणजे घेणारी. दुसरा मार्ग केव्हाही बरा. सोल्डर ब्रिज बदलले की संगणकाशी बोलायची आयती सोय हातची जाते.

पिना वाटताना क्रम कुठला

ज्या कामाला पर्याय सर्वांत कमी, त्याला पिन सर्वांत आधी द्या. या ६४ पायांच्या पॅकेजमध्ये युसार्ट२ फक्त पीए२-पीए३वर येतो. दुसरी जोडी पीडी५-पीडी६ची, आणि त्या पिना या पॅकेजमध्ये बाहेर काढलेल्याच नाहीत. टायमर २च्या चॅनल १ला मात्र पीए०, पीए५, पीए१५ अशा तीन जागा आहेत. आयटूसी१ला पीबी६-पीबी७ किंवा पीबी८-पीबी९. टायमरने पीए२ आधीच अडवली तर युसार्ट२ला जागा उरत नाही. सगळं वायरिंग झाल्यावर हे कळलं तर पाटी पुसून पुन्हा सुरुवात.

काही पिनांना सुरुवातीला हातच लावू नका. पीए१३ आणि पीए१४ या डीबगरच्या पिना आहेत. पीए१५, पीबी३ आणि पीबी४ रिसेटनंतर जेटॅग या जास्त तारांच्या डीबग पद्धतीकडे असतात. दोन तारांच्या एसडब्ल्यूडीने डीबग करत असाल तर त्या वापरता येतात, पण बोर्ड चालू होताच त्या साध्या इनपुट असतील असं धरून चालू नका. पीसी१३ वर निळं बटण आहे, पीसी१४-पीसी१५ वर ३२ किलोहर्ट्झचा क्रिस्टल. पीसी१३ ते पीसी१५ यांतून जेमतेम ३ मिलिअ‍ॅम्पिअर करंट जाऊ शकतो, तेव्हा त्यांवर एलईडी चालवायचा मोह टाळा.

पहिलं काम: पीए५ टायमरच्या हवाली करणं

वायर एकही लागत नाही आणि निकाल डोळ्यांना दिसतो, म्हणून सुरुवात इथून करा. रिसेटनंतर चिप आतल्या १६ मेगाहर्ट्झच्या ऑसिलेटरवर चालते. पुढचे आकडे तेच धरून दिले आहेत.

पायरी १, क्लॉक. आरसीसीच्या (क्लॉक वाटणाऱ्या भागाच्या) एएचबी१ईएनआर रजिस्टरचा बिट ० एक करा, म्हणजे पोर्ट एला क्लॉक मिळेल. एपीबी१ईएनआरचा बिट ० एक करा, म्हणजे टायमर २ला मिळेल. क्लॉक नसलेल्या पेरिफेरलमध्ये लिहिलेलं मुकाट्याने वाया जातं, कुठलीही एरर येत नाही. क्लॉक चालू केल्याच्या पुढच्याच सूचनेत पेरिफेरलला हात लावला तरी पहिली नोंद हुकू शकते. म्हणून क्लॉकचं रजिस्टर एकदा परत वाचा. तेवढा विलंब पुरतो.

पायरी २, एएफ क्रमांक. पिना ० ते ७ साठी एएफआरएल, ८ ते १५ साठी एएफआरएच. प्रत्येक पिनला चार बिट. पीए५साठी एएफआरएलमधले बिट २० ते २३. आधी ते चारही शून्य करा, मग तिथे १ लिहा. पिन ८च्या पुढची असेल तर क्रमांकातून आठ वजा करून बिट मोजा: पीए९ म्हणजे एएफआरएचचे बिट ४ ते ७. सी भाषेत हे दोन्ही एकाच अ‍ॅरेचे घटक ० आणि १ आहेत. तिथे पीए९साठी ३६ बिट सरकवणारा कोड लिहिला जातो, आणि ३२ बिटांच्या रजिस्टरमध्ये त्याला काही अर्थ नसतो.

पायरी ३, पिनचा विद्युत स्वभाव. ओटायपरचा बिट ५ शून्य, म्हणजे पुश-पुल (पिन रेषा वरही ढकलते आणि खालीही ओढते). ओस्पीडरचे बिट १० आणि ११ शून्य, म्हणजे मंद गती. एलईडीला तेवढी पुष्कळ. पीयूपीडीआरचे बिट १० आणि ११ही शून्य, म्हणजे पुल-अप (रेषा वर धरणारा रेझिस्टर) नाही आणि पुल-डाउनही (खाली धरणारा) नाही.

पायरी ४, मोड. मोडर रजिस्टरचे बिट १० आणि ११. बायनरी ०० म्हणजे इनपुट, ०१ आउटपुट, १० आल्टरनेट फंक्शन, ११ अ‍ॅनालॉग. आपल्याला १० हवं. मोड नेहमी शेवटी बदला. तो आधी बदलला तर क्रमांक लिहून होईपर्यंत पिन एएफ०ला जोडलेली राहते आणि बाहेर एखादा नको असलेला सिग्नल उमटू शकतो. एलईडीला त्याचं काही नाही. मोटर ड्रायव्हरला असतं.

पायरी ५, टायमर. प्रीस्केलर (क्लॉकचा भाजक) १५९९९, ऑटो-रीलोड (मोजणी जिथे संपून पुन्हा सुरू होते) ९९९, कंपेअर १ (आउटपुट जिथे बदलतं) मध्ये ५००. सीसीएमआर१मध्ये बिट ४ ते ६ला ११० (पीडब्ल्यूएम मोड १, म्हणजे ठरावीक प्रमाणात पिन चालू-बंद करत राहणं) आणि बिट ३ला १. सीसीईआरचा बिट ० एक, म्हणजे चॅनलचं आउटपुट खुलं. ईजीआरचा बिट ० एक, म्हणजे नवे आकडे लगेच लागू. शेवटी सीआर१चा बिट ० एक.

हिशोब असा: प्रीस्केलर नेहमी लिहिलेल्या आकड्यापेक्षा एक जास्तने भागतो, म्हणून १६ मेगाहर्ट्झ भागिले १६००० बरोबर १००० हर्ट्झ. त्याला पुन्हा १०००ने भागलं की १ हर्ट्झ. एलईडी अर्धा सेकंद पेटतो, अर्धा सेकंद विझतो. मुख्य लूप पूर्ण रिकामा असला तरी हे चालतं. डीबगरने प्रोसेसर थांबवला तरी एलईडी लुकलुकत राहतो, फक्त डीबगमध्ये टायमर गोठवायची सेटिंग लावलेली नसावी. हार्डवेअर स्वतंत्रपणे काम करतंय याचा इतका सरळ पुरावा दुसरा नाही. मग प्रीस्केलर १५ करा. वारंवारता १ किलोहर्ट्झ होते, आणि कंपेअरमध्ये १०० लिहिलं की एलईडी स्थिर पण मंद पेटतो.

इथे एक गोष्ट मुद्दाम तपासा: या अवस्थेत आउटपुट डेटा रजिस्टरमध्ये पीए५ला एक किंवा शून्य लिहा. एलईडीवर काहीच परिणाम होणार नाही. पिन आता टायमरची आहे. उलट इनपुट डेटा रजिस्टर मात्र पिनवरची खरी पातळी दाखवत राहतं. पुढे दोष शोधताना याचा फार उपयोग होतो.

मोडरमधले दोन बिट आणि त्यांतली फसगत

समजा आधी पीए५वर साधं आउटपुट चालवत होतात. त्या बिटांत ०१ आहे. आता आल्टरनेटसाठी तुम्ही जुन्या किमतीत १० 'ऑर' केलं (निदान एकीत १ असलेला प्रत्येक बिट १ होतो). ०१ ऑर १० बरोबर ११. पिन अ‍ॅनालॉग झाली. एलईडी गप्प, टायमर आत व्यवस्थित धावतोय, एएफ क्रमांक बरोबर, आणि दोष कुठेच दिसत नाही. आधी दोन्ही बिट पुसा, मगच लिहा. एएफआरएललाही हाच नियम: जुना ५ आणि नवा २ ऑर केले की ७ होतात आणि पिन भलत्याच पेरिफेरलला जाते.

याच्या उलट टोकाची चूक म्हणजे ऑर न करता मोडरमध्ये सरळ किंमत भरणं. पीए५चे बिट बरोबर बसतात, पण बाकी सगळ्या पिनांत शून्य जातं आणि पीए१३-पीए१४ इनपुट होतात. प्रोग्राम सुरू होतो आणि डीबगरचा संपर्क तुटतो. पुढच्या वेळी कोड चढवायला गेलात की बोर्ड सापडत नाही. बोर्ड जळला असं वाटून तो फेकू नका. सॉफ्टवेअरमध्ये 'कनेक्ट अंडर रिसेट' हा पर्याय निवडा. डीबगर चिपला रिसेटमध्ये धरून, तुमचा कोड चालायच्या आत शिरतो. तेही जमलं नाही तर बूट० (चिप कुठून सुरू व्हायची ते ठरवणारी पिन) उंच करा: सीएन७ कनेक्टरवर पाय ५ (व्हीडीडी) आणि पाय ७ (बूट०) जंपरने जोडा आणि रिसेट दाबा. आता चिप आतल्या बूटलोडरमधून सुरू होते आणि तुमच्या कोडला संधीच मिळत नाही. फ्लॅश पुसा, जंपर काढा.

दुसरं काम: युसार्ट२

पीए२ आणि पीए३ दोन्हींना एएफ७. एएफआरएलचे बिट ८ ते ११ आणि १२ ते १५, मोडरचे बिट ४-५ आणि ६-७. युसार्ट२चं क्लॉक एपीबी१ईएनआरच्या बिट १७ वर. आरएक्सवर पुल-अप लावा. यूएआरटीची रेषा निवांत असताना उंच असते. काही जोडलेलं नसलेली आरएक्स तरंगत राहते आणि कचरा अक्षरं येतात. टीएक्सवरही पुल-अप असलेला बरा, कारण मोड बदलणं आणि ट्रान्समीटर चालू होणं यांच्या मधल्या क्षणी रेषा खाली गेली तर समोरचा तिला स्टार्ट बिट समजू शकतो.

१६ मेगाहर्ट्झवर ११५२०० बॉड (सेकंदाला बिट) हवा असेल तर बीआरआर या वेगाच्या रजिस्टरमध्ये १३९ लिहा. भागाकार १३८.८९ येतो, प्रत्यक्ष वेग साधारण ११५१०८, म्हणजे चूक ०.१ टक्क्याहूनही कमी. पुढे कधी चिपचा क्लॉक ८४ मेगाहर्ट्झवर नेलात तर हा आकडा पुन्हा काढावा लागतो. त्या वेगाला एपीबी१ बसला (युसार्ट२ला क्लॉक देणाऱ्या आतल्या वाहिनीला) ४२ मेगाहर्ट्झची मर्यादा आहे, तेव्हा भागाकार ४२चा करायचा, ८४चा नाही. टायमरचं वेगळंच: बसचा भाजक १ नसेल तर टायमरला बसच्या दुप्पट क्लॉक मिळतो. 'पीडब्ल्यूएम बरोबर दुप्पट वेगाने येतंय' या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं.

युसार्ट१ बाहेर काढला असेल तर सर्वांत सोपी चाचणी म्हणजे पीए९ आणि पीए१० एका जंपर वायरने एकमेकींना जोडणं. पाठवलेलं अक्षर तसंच परत आलं तर पिना, एएफ आणि क्लॉक सगळं बरोबर आहे, उरलेला दोष समोरच्या मॉड्यूलकडे किंवा बॉड रेटकडे. समोरचं मॉड्यूल जोडताना टीएक्सला आरएक्स आणि आरएक्सला टीएक्स. ग्राउंड विसरू नका.

आयटूसीला पुश-पुल चालत नाही

पीबी८ घड्याळ, पीबी९ डेटा, दोन्ही एएफ४, दोन्ही एएफआरएचमध्ये. ओटायपरचे बिट ८ आणि ९ एक करा, म्हणजे ओपन-ड्रेन (पिन रेषा फक्त खाली ओढते, वर नेण्याचं काम पुल-अपचं). हे राहून गेलं तर एक साधन रेषा खाली ओढत असताना तुमची चिप ती वर ढकलते. संवाद तर होत नाहीच, पिनवरही विनाकारण ताण येतो.

आतला पुल-अप लावून भागेल असं वाटतं. तो साधारण ४० किलोओमचा असतो. वायरी आणि मॉड्यूल मिळून १०० पिकोफॅरड धरले तर रेषा वर यायला सुमारे ३.४ मायक्रोसेकंद लागतात, आणि १०० किलोहर्ट्झच्या आयटूसीला १ मायक्रोसेकंदाच्या आत ती वर यायला हवी. ४.७ किलोओमने हाच वेळ ०.४ मायक्रोसेकंद होतो. ४०० किलोहर्ट्झला मर्यादा ०.३ मायक्रोसेकंद, तिथे २.२ किलोओम लावा. मॉड्यूलवर आधीच पुल-अप आहेत का ते मल्टीमीटरने बघा: वीज काढून डेटा आणि व्हीसीसी यांच्यामधला रेझिस्टन्स मोजा. तीन-चार मॉड्यूल एकाच बसवर आले की त्यांचे पुल-अप समांतर होऊन फारच कमी होतात.

पुल-अप ३.३ व्होल्टला जोडा. ५ व्होल्टचं मॉड्यूल लावायचं असेल तर डेटाशीटमध्ये त्या पिनपुढे 'एफटी' (५ व्होल्ट सहन करणारी) लिहिलंय का ते बघा. एफटी पिनही अ‍ॅनालॉग मोडमध्ये असताना ५ व्होल्ट सहन करत नाही.

चालत नाही, तेव्हा कुठून बघायचं

डीबगरमध्ये चिप थांबवा आणि रजिस्टर वाचा. कोडवर नजर फिरवण्यापेक्षा यात वेळ कमी जातो. पेरिफेरलची सगळी रजिस्टर शून्य दिसत असतील तर क्लॉक चालू नाही. ती भरलेली असतील तर मोडरमधले त्या पिनचे दोन बिट बघा, मग एएफचे चार बिट, आणि ते डेटाशीटच्या तक्त्याशी ताडून बघा. हेही बरोबर असेल तर पिनवर मल्टीमीटर लावा: ५० टक्के पीडब्ल्यूएम सुमारे १.६५ व्होल्ट दाखवतं, निवांत टीएक्स ३.३ व्होल्ट. पिनवर सिग्नल आहे पण सॉकेटमध्ये नाही, तर सोल्डर ब्रिज.

सिग्नल थोडा वेळ येऊन बंद पडत असेल तर नंतर चालणारा दुसरा कुठला तरी कोड पिन परत घेतोय. आर्डुइनोच्या पद्धतीने लिहिताना हे सर्रास होतं: एसपीआय सुरू केल्यावर कुठेतरी डी१३ला आउटपुट करायची ओळ राहिलेली असते. शेवटी जो लिहितो, पिन त्याची.

पिना निवडून कोड तयार करून देणारा क्यूबएमएक्स हा प्रोग्राम वापरत असाल तर हे सगळे बिट ते तुमच्यासाठी लिहितं. कंट्रोल दाबून पिनवर क्लिक केलं की तेच काम आणखी कुठल्या पिनांवर जाऊ शकतं ते दिसतं. पिना वाटायला ही सोय फार चांगली आहे. पिन हिरवी झाली म्हणजे पेरिफेरलही चालू आहे. नारिंगी राहिली तर नाव दिलंय, पण पेरिफेरल चालू केलेलं नाही. हॅल या तयार लायब्ररीत हाताने लिहिताना जीपीआयओचं (पिनांच्या सेटिंगचं) स्ट्रक्चर आधी शून्याने भरा. नाहीतर स्टॅकवरचा जुना कचरा एएफ क्रमांक म्हणून जातो आणि तोच कोड कधी चालतो, कधी नाही.

दुसऱ्या चिपवर गेलात तर

एसटीएम३२एफ१, म्हणजे ब्लू पिलवाली मालिका, दिसायला भावंड असली तरी तिच्यात पिननिहाय एएफ क्रमांक नाहीत. तिथे अख्खं पेरिफेरल गटाने हलतं: युसार्ट१ पीए९-पीए१० वरून पीबी६-पीबी७ वर न्यायचा तर एएफआयओच्या (तिथल्या पिना वाटणाऱ्या भागाच्या) रीमॅप रजिस्टरमध्ये एक बिट, आणि त्याआधी एएफआयओचं स्वतःचं क्लॉक चालू. एफ४चा कोड तिथे चिकटवून काही उपयोग नाही.

आरपी२०४०मध्ये प्रत्येक पिनला फंक्शन क्रमांक आहे: १ एसपीआय, २ यूएआरटी, ३ आयटूसी, ४ पीडब्ल्यूएम. ईएसपी३२मध्ये जीपीआयओ मॅट्रिक्स असल्यामुळे बहुतेक सिग्नल जवळजवळ कुठल्याही पिनवर नेता येतात. मात्र ३४ ते ३९ या फक्त इनपुट आहेत, त्यांना आतले पुल-अपही नाहीत, आणि ६ ते ११ सहसा फ्लॅशला जोडलेल्या असतात. १२ क्रमांकाची पिन बूट होताना उंच राहिली तर फ्लॅशला चुकीचं व्होल्टेज मिळून बोर्ड सुरूच न होण्याची शक्यता असते, तेव्हा तिथे पुल-अप असलेलं मॉड्यूल लावू नका. एटीमेगा३२८पीमध्ये निवडीचं रजिस्टरच नाही: पेरिफेरल चालू केलं की पिन त्याची होते. पण टायमरचं आउटपुट बाहेर यायला त्या पिनची दिशा आउटपुट ठेवणं हे तुमचं काम.